दयेपासून दायित्वापर्यंत : धाराशिवच्या सरकारी दवाखान्याची कायदेशीर वाटचाल

सोलापूर आणि धाराशिव यांच्यात रस्त्याने सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतर. बाजारहाट, सोयरिकी, तुळजाभवानीचे दर्शन यांनी ही दोन गावे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना बांधलेली. १८९७ साली मात्र या वाटेवर एक सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे ब्रिटिशांचा मुंबई इलाखा. आजारी माणूस सरहद्दीच्या कोणत्या बाजूला राहतो, यावर त्याच्या वाट्याला कोणता कायदा येणार ते ठरत होते.

आज ती सरहद्द नाही, पण प्रश्न आहे. उपकेंद्राला कुलूप असते, सर्पदंशावरचे इंजेक्शन संपलेले असते, अडलेल्या बाळंतिणीला ‘सोलापूरला हलवा’ असे सांगितले जाते. तेव्हा नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य येते : याला जबाबदार कोण? या प्रश्नाला कायद्याने गेल्या सव्वाशे वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली. आधी उत्तर होते, कोणीच नाही. मग होते, निधी पुरेल तेवढी जिल्हा परिषद. पुढे न्यायालयांनी सांगितले, सरकार. शेवटी गावकरीच तक्ता हातात घेऊन विचारू लागले. ही वाटचाल धाराशिव जिल्ह्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी फार थोड्या ठिकाणी दिसेल, कारण इथे संस्थानी राजवट, जिल्हा परिषदेचा कारभार, भूकंप आणि लोकांनी चालवलेली देखरेख या साऱ्यांतून एकच आरोग्यव्यवस्था गेली आहे.

सरहद्दीच्या दोन बाजू

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. काही महिन्यांत तो इलाखाभर पसरू लागला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. मोजक्या कलमांचा हा कायदा. त्याने सरकारला घरे तपासण्याचे, प्रवासी अडवण्याचे, रोग्यांना वेगळे ठेवण्याचे अधिकार दिले. या कायद्याखाली सद्‌भावनेने काम करणाऱ्या कोणावरही दावा लावता येणार नाही, असेही त्यात लिहिले होते. रोग्याला औषध मिळाले नाही, छावणीत त्याचे हाल झाले, तर जाब कोणाला विचारायचा याबद्दल मात्र एक अक्षर नव्हते. पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला आणि त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवरील जीवघेण्या हल्ल्यात कशी झाली, हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे.

सरहद्दीच्या अलीकडे हा कायदा लागू नव्हता. पुढे उस्मानाबाद म्हणून ओळखला गेलेला हा जिल्हा तेव्हा नळदुर्ग जिल्हा होता आणि संस्थानात दवाखाना ही दरबारची मेहेरबानी होती. प्रजेला दवाखाना मिळाला तर तो राजाचा धर्म, न मिळाला तर प्रजेचे नशीब. ब्रिटिश हद्दीत सरकारकडे अधिकार होते आणि कर्तव्य नव्हते. निजामाच्या हद्दीत दोन्ही गोष्टी एका माणसाच्या मर्जीवर होत्या. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडे हात रिकामेच.

या सरहद्दीची खूण कागदावर फार काळ टिकली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद भारतात आले. १९५० मध्ये हैदराबाद राज्याने संसर्गजन्य रोगांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला. केंद्रीय साथरोग कायद्याच्या मजकुरात मात्र १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या ‘ब’ वर्गातील राज्यांचा, म्हणजे हैदराबादसारख्या जुन्या संस्थानांचा प्रदेश वगळल्याचे शब्द तसेच राहिले. ते शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले.

निधी पुरेल तेवढेच

स्वातंत्र्याच्या तोंडावर आरोग्यव्यवस्थेचा आराखडा तयार होता. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तिचे सूत्र. आणि सुमारे चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ही तिची पहिली पायरी. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याबरोबर देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली.

राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले. हे कलम ४७ मध्ये लिहिले आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आहे आणि त्या भागातली तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, असे घटनाच सांगते. कर्तव्य नोंदवले गेले. ते चुकले तर काय, हा प्रश्न उघडा राहिला.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे, लसीकरण, साथनियंत्रण ही कामे त्यांच्याकडे आली. या कायद्याने पहिल्यांदाच उस्मानाबादच्या खेड्यातल्या दवाखान्याला एक उत्तरदायी धनी दिला.

त्या धन्याच्या हातात मात्र एक पळवाटही दिली. जिल्हा निधी परवानगी देईल तेथवर वाजवी तरतूद करणे, असे कर्तव्याचे स्वरूप कायद्यात आहे. ग्रामपंचायत कायद्यातही हीच भाषा. ज्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा, उद्योग नाहीत आणि जमीन महसूल तुटपुंजा, तिथे ‘निधी परवानगी देईल तेथवर’ या शब्दांचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. जिल्हा परिषदेचा पैसा मुख्यतः राज्य सरकारच्या अनुदानातून येतो. म्हणजे जबाबदारी जिल्ह्याची आणि तिजोरीची किल्ली मुंबईत, अशी रचना पहिल्याच दिवशी झाली.

दुसरी फट कारभाराची. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये आणि ‘सिव्हिल’ राज्याच्या आरोग्य खात्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. बाळंतीण भूमच्या उपकेंद्रातून निघून ग्रामीण रुग्णालयात पोचते, तेव्हा ती एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाते. तिच्या दृष्टीने सगळा सरकारी दवाखाना एकच. कागदावर मात्र वाटेत तिचा जबाबदार बदललेला असतो आणि पुढे चौकशी लागली की दोन्हीकडून एकमेकांकडे बोट दाखवायला जागा असते.

तेहतीस वर्षांचा खटला

जिल्हा परिषदा सुरू होऊन वर्षभर झाले होते. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. तिला मुलगा झाला. १३ जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. अशा साध्या शस्त्रक्रियेनंतर बाई चार-आठ दिवसांत घरी जाते. हिला ताप चढला, पोट असह्य दुखू लागले. १९ जुलैला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत शस्त्रक्रियेत वापरलेला कापडी टॉवेल सापडला. २४ जुलैला ती गेली. मागे नवरा आणि लहान मुले.

नवऱ्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. औरंगाबादच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयात सरकार जिंकले. रुग्णालय चालवणे हे राज्यसत्तेचे काम आहे आणि अशा कामात नोकराकडून चूक झाली तरी राज्याला भरपाई देण्यास भाग पाडता येत नाही, हा युक्तिवाद तिथे टिकला. या युक्तिवादामागे कस्तुरीलाल प्रकरणाचा आधार होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या ताब्यातून गेलेल्या सोन्याबद्दल राज्याला जबाबदार धरायला नकार दिला होता.

सर्वोच्च न्यायालयाने या दाव्याचा निकाल २० फेब्रुवारी १९९६ रोजी दिला. कायद्याच्या ग्रंथांत तो खोडवा खटला म्हणून ओळखला जातो. न्यायालयाने म्हटले की रुग्णालय चालवणे हे कल्याणाचे काम आहे. ते खासगी माणूसही करू शकतो, म्हणून त्याला केवळ राज्यसत्तेचा वापर म्हणता येणार नाही. टॉवेल पोटात राहिला हीच निष्काळजीपणाची पुरेशी खूण आहे. तो नेमका कोणाच्या हातून राहिला, हे घरच्यांनी सिद्ध करत बसण्याची गरज नाही. सरकारी नोकराच्या निष्काळजीपणाचे दायित्व सरकारचे. ३६,००० रुपयांचा हुकूमनामा पुन्हा कायम झाला.

मराठवाड्याच्या आरोग्य इतिहासात या निकालाचे मोल फार मोठे आहे. त्याने दरबारी मेहेरबानीची शेवटची सावली पुसली. सरकारी दवाखान्यात गेलेला माणूस याचक नसतो, त्याच्याशी वागताना काळजी घेण्याचे बंधन सरकारवर असते, हे या मातीतल्या एका कुटुंबाने देशाला कबूल करायला लावले. त्यासाठी त्या घराला जवळपास तेहतीस वर्षे लागली. न्याय मिळाला तेव्हा तिच्या बाळंतपणाला बत्तीस वर्षे उलटून गेली होती.

या तेहतीस वर्षांत जिल्हाही बदलत होता. २७ ऑगस्ट १९८१ रोजी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ सुरू झाले आणि धाराशिवच्या माणसाला दाद मागायला मुंबईपर्यंत जाण्याची गरज उरली नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्यातील विभागवार असमतोल मोजला, तेव्हा सिंचन, रस्ते यांच्याबरोबर आरोग्याचाही अनुशेष मांडला गेला. मराठवाड्यातले दवाखाने कमी पडतात, हे गाऱ्हाणे पहिल्यांदा सरकारी आकड्यांत उतरले. पण अनुशेष राहिला म्हणून रुग्णाला काही मागता येत नव्हते. तो विभागाचा हिशेब होता, माणसाचा नव्हे.

भूकंपाने विचारलेला प्रश्न

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायत संस्थांकडे सोपवता येतील अशा २९ विषयांच्या अकराव्या अनुसूचीत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने यांचा उल्लेख झाला. जिल्हा परिषदेच्या आरोग्याच्या कामाला घटनेचा आधार मिळाला.

पाच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते. माणसे दमून झोपली होती. लातूरमधले किल्लारी आणि उस्मानाबादमधले सास्तूर यांच्या आसपास दगड-मातीच्या जाड भिंतींनी घरच्या घरी माणसे गाडली. सुमारे दहा हजार जीव गेले. ५२ गावे पुढे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कल्पनेतच नसलेले काम त्यांच्यापुढे आले. जखमींना उमरगा, लातूर, सोलापूरकडे हलवावे लागले. जवान, डॉक्टर, स्वयंसेवक, शेजारच्या गावांतले लोक धावून आले आणि त्यांनी जे केले ते अपार होते. पण आपत्तीत कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचे, रुग्णालये कोणाच्या आज्ञेत येतात, कर्तव्य सोडून गेलेल्यावर काय कारवाई, हे सांगणारा एकही सर्वंकष कायदा तेव्हा देशात नव्हता. काम चालले ते माणुसकीवर आणि प्रशासनातल्या काही खंबीर माणसांवर.

कायदा २००५ मध्ये आला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसवले. जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला त्याचा पदसिद्ध सदस्य केले. आपत्तीच्या काळात नेमून दिलेले काम करण्यास नकार देणाऱ्या किंवा पद सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, असे त्याचे कलम ५६ सांगते. किल्लारी-सास्तूरनंतर ओरिसाचे चक्रीवादळ, भूज, त्सुनामी असे आघात सोसून देशाने हा धडा कायद्यात लिहिला.

भूकंपाने जिल्ह्याला आणखी एक गोष्ट दिली. मदतीसाठी आलेल्या अनेक संस्था इथे रुजल्या, जुन्यांना बळ मिळाले. तुळजापूर तालुक्यातील अणदूरची, डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभी केलेली हॅलो मेडिकल फाउंडेशन ही त्यांतली ठळक संस्था. गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्या हाती प्राथमिक उपचार सोपवण्याचे तिचे काम पुढे फार उपयोगी पडणार होते.

पैसा नाही, हे उत्तर नव्हे

याच सुमारास दिल्लीत कायद्याची दिशा बदलत होती. २८ ऑगस्ट १९८९ रोजी परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपघातातल्या जखमीला आधी वाचवायचे, पोलिसांचे कागद नंतर. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, हे बंधन दोघांवर सारखे.

१९९५ मध्ये ग्राहक कायदा वैद्यकीय सेवेला लागू होतो, असा निकाल लागला. पण जिथे सर्वांना मोफत सेवा दिली जाते ते सरकारी रुग्णालय त्यातून बाहेर राहिले. नोंदणीची नाममात्र फी घेतली तरी फरक पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. खासगी दवाखान्यात जाणाऱ्याला स्वस्त आणि जवळचा ग्राहक मंच मिळाला. उपकेंद्रावर अवलंबून असलेल्या शेतमजुराच्या वाट्याला दिवाणी दावा आणि उच्च न्यायालयच राहिले.

६ मे १९९६ चा निकाल धाराशिवसारख्या जिल्ह्यांना सर्वांत जवळचा आहे. बंगालमधला एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला गंभीर मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नाही म्हणून त्याला पुढे पाठवले. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, यंत्र नाही म्हणून परत फिरवले. अखेर तो खासगी रुग्णालयात दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई दिली आणि वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सांगितले. पैशाची चणचण हे राज्याने कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, ही त्या निकालातली कळीची ओळ. प्राथमिक केंद्रांत रुग्ण स्थिर करण्याची सोय हवी, जिल्हा आणि उपविभागीय रुग्णालयांची क्षमता वाढवावी, खाटा कुठे रिकाम्या आहेत हे कळण्याची मध्यवर्ती व्यवस्था असावी, रुग्णवाहिका साधनांसह असाव्यात, अशी यादीही न्यायालयाने दिली.

१९६१ च्या कायद्यातले ‘निधी परवानगी देईल तेथवर’ आणि १९९६ चे ‘पैसा नाही हे कारण चालणार नाही’ ही दोन वाक्ये तेव्हापासून समोरासमोर उभी आहेत. कायद्याच्या पुस्तकात दुसरे वाक्य श्रेष्ठ आहे. जिल्ह्याच्या अर्थसंकल्पात अजूनही पहिले चालते.

पंचेचाळीस गावांची तपासणी

२००४ मध्ये जनस्वास्थ्य अभियान आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग यांनी मिळून देशाच्या वेगवेगळ्या विभागांत आरोग्यसेवा नाकारल्याबद्दलच्या जनसुनवाया घेतल्या. पुढच्याच वर्षी, १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. गावात आशा सेविका आली, रुग्ण कल्याण समित्या झाल्या, गाव आरोग्य समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी मिळू लागला. याच आराखड्यात एक कलम होते, ज्याकडे सुरुवातीला फार कोणाचे लक्ष गेले नाही : दवाखान्यावर लोकांची देखरेख.

महाराष्ट्रात २००७ मध्ये त्यासाठी पाच जिल्हे निवडले गेले. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद. राज्यपातळीवर पुण्याची ‘साथी’ ही संस्था आणि उस्मानाबादेत हॅलो मेडिकल फाउंडेशन यांच्याकडे समन्वय होता. रचना सरळ होती. जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे, केंद्रामागे पाच गावे. म्हणजे एका जिल्ह्यात ४५ आणि पाच जिल्ह्यांत मिळून २२५ गावे. गाव, केंद्र, तालुका, जिल्हा अशा प्रत्येक पायरीवर लोकप्रतिनिधी, कर्मचारी आणि गावकरी यांची समिती.

गावकऱ्यांच्या हाती प्रश्नांचा तक्ता आला. नर्सबाई गावात येते का? बाळांचे लसीकरण वेळेवर होते का? औषध केंद्रातच मिळते की चिठ्ठी बाहेरची दिली जाते? पैसे मागितले जातात का? उत्तरानुसार हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही आपल्या गावाच्या तक्त्यात लाल जास्त की हिरवा जास्त, हे लांबूनच कळे. हे प्रगतिपुस्तक केंद्रात टांगले गेले आणि मग जनसुनवाई भरली. समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, मध्ये तज्ज्ञांचे मंडळ आणि माइकपुढे एखादी बाई, जिने आयुष्यात कधी अधिकाऱ्यापुढे तोंड उघडले नव्हते.

परिणाम मोजला गेला. पाचही जिल्हे मिळून २००८ च्या मध्यात गावपातळीवरच्या सेवांना ‘चांगली’ हा शेरा ४८ टक्के ठिकाणी मिळाला होता. दुसऱ्या फेरीत तो ६१ टक्क्यांवर गेला आणि २००९ च्या अखेरीस ६६ टक्क्यांवर. नवी इमारत किंवा नवी यंत्रसामग्री यांहून अधिक काम केले ते एका गोष्टीने : कोणीतरी विचारणार आहे, हे कर्मचाऱ्याला माहीत असण्याने. आणि एक अनपेक्षित घटना घडली. जनसुनवाईत डॉक्टरच आपली अडचण मांडू लागले. औषध वरून येत नाही, पद भरले जात नाही, गाडीला डिझेल नाही. गावकरी आणि वैद्यकीय अधिकारी एकाच बाजूने वर बघू लागले.

या प्रयोगाची मर्यादाही तिथेच उघडी झाली. जनसुनवाई हे न्यायालय नाही. तिच्यामागे कार्यक्रमाचा आराखडा होता, कायदा नव्हता. केंद्रात सोडवता येणारे प्रश्न सुटले. रिकामी पदे, औषध खरेदी, अनुदान हे मंत्रालयात अडलेले प्रश्न जनसुनवाईच्या हुकमाने हलत नव्हते.

फुकट उपचार, अवघड दाद

पुढच्या दशकात हक्कांची यादी वाढत गेली. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने बाळंतपण, औषधे, जेवण आणि ने-आण मोफत केली. फौजदारी कायद्यातील २०१३ च्या दुरुस्तीने बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितेवर मोफत प्रथमोपचार न करणे हा सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांच्या चालकांसाठी गुन्हा ठरला. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका राज्यात धावू लागल्या. ‘सोलापूरला हलवा’ म्हणणाऱ्यावर हलवायची सोय करण्याची जबाबदारीही त्यामुळे आली. २०१८ मध्ये निती आयोगाने उस्मानाबादला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतले. २०२२ मध्ये इथे शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार मोफत झाले. त्या वेळी आरोग्य खाते याच जिल्ह्यातील परांडा मतदारसंघाचे आमदार तानाजी सावंत यांच्याकडे होते. त्याच वर्षी जिल्ह्याला धाराशिव हे नावही मिळाले.

मोफत उपचाराचा निर्णय गरिबासाठी मोलाचा आहे, यात शंका नाही. पण १९९५ च्या निकालाच्या प्रकाशात पाहिले तर सेवा जितकी पूर्णपणे मोफत, तितका ग्राहक मंचाचा दरवाजा पक्का बंद. ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी सर्वांत सोपी वाट उघडीच नाही. दाद मागायची तर दिवाणी न्यायालय, खंडपीठ, वैद्यक परिषद किंवा मानवी हक्क आयोग. खोडवा कुटुंबाने चाललेली वाट बव्हंशी तीच आहे.

दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्याभोवती कायदा घट्ट होत गेला. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने ठरवले की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. महाराष्ट्राने २०१० मध्ये दवाखान्यावर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा केला. कोविडमध्ये, २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने, आरोग्य कर्मचाऱ्यावरील हिंसेची शिक्षा आणखी कडक झाली. १८९७ च्या कायद्यातले जुन्या संस्थानांना वगळणारे शब्द निघाले ते याच दुरुस्तीत. हे संरक्षण हवेच होते. पण नातेवाईक ज्या नर्सवर किंवा शिकाऊ डॉक्टरवर चिडतात, तो बहुतेक वेळा त्या रात्री जागेवर असलेला एकमेव माणूस असतो. ज्यांनी दुसरी नर्स नेमली नाही, ते त्या वेळी तिथे नसतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खाटा, माणसे आणि औषधे कमी पडली हे कारण खपवून घेता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. १९९६ चेच वाक्य सत्तावीस वर्षांनी पुन्हा म्हणावे लागले, आणि तेही मराठवाड्यातल्याच मृत्यूंसाठी.

हिशेब

सव्वाशे वर्षांच्या या प्रवासात कमावलेले खूप आहे. दवाखाना ही मेहेरबानी उरलेली नाही. निष्काळजीपणाची भरपाई राज्याने द्यावी लागते. तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपत्तीत काम सोडणे गुन्हा आहे. गावकऱ्याला प्रश्न विचारण्याची सवय लागली आहे आणि ती सवय सरकारी आदेशाने काढून घेता येणार नाही.

तरी हिशेबात एक मोठी त्रुटी राहिली. कायद्याची पकड हात लावणाऱ्यावर आहे. हात आखडता घेणाऱ्यावर नाही. टॉवेल विसरणारा सापडतो. पद दोन-दोन वर्षे रिकामे ठेवणारा, औषधाची मागणी फाइलीत दाबणारा, मंजूर निधी मार्चअखेरीस परत जाऊ देणारा सहसा कोणत्याही कलमाच्या पकडीत सापडत नाही. म्हणून भरपाई मृत्यूनंतर मिळते आणि मृत्यू टाळणारी जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते.

राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला. महाराष्ट्राने अजून केलेला नाही. तो करताना धाराशिवचा अनुभव समोर ठेवावा. जिल्हा परिषद कायद्यातली निधीची पळवाट तातडीच्या आणि बाळंतपणाच्या सेवेपुरती तरी काढावी. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यातल्या फटीत पडणाऱ्या रुग्णासाठी एकच जबाबदार अधिकारी नावानिशी ठरवावा. पद किती दिवस रिकामे राहू शकते याला मुदत घालावी आणि ती चुकली तर उत्तर मंत्रालयाने द्यावे. जनसुनवाईला कायद्याचे बळ द्यावे आणि सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाला जिल्ह्यातच, थोड्या खर्चात, ठरलेल्या मुदतीत दाद मिळण्याची व्यवस्था करावी.

या मागण्यांत नवे तत्त्व एकही नाही. भोर समितीने ते मांडले, घटनेने ते स्वीकारले, सर्वोच्च न्यायालयाने ते बजावले आणि उस्मानाबादच्या पंचेचाळीस गावांनी ते चालवून दाखवले. उरले आहे ते विधिमंडळाचे काम. ते होईपर्यंत परांड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या उपकेंद्रात रात्री एकटी बसलेली नर्स साऱ्या राज्याची जबाबदारी एकटीच्या खांद्यावर वाहत राहील, आणि हा अन्याय रुग्णावर आहे तितकाच तिच्यावरही आहे.